पास देणारी

वणी,
दि. १ डिसेंबर २०२४

ती. कौसल्याताईस,
धाकट्या प्रफुल्लचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर आपलं दोघांचं जमत नाही. तू रडतेस, मी ओरडतो, अन् मंग श्रावणभाऊजी तुझ्या हातातून फोन घेऊन मले पाऊसपाणी विचारतात. म्हणून म्हटलं, बाबा होते तेव्हासारखं पत्रच बरं. पत्रात मी ओरडलो तरी तुले ऐकू येत नाही.

पयले तुझ्या पोरीची खबर. खुशीची तब्येत झकास आहे. दोन्ही टाइम पोटभर जेवते, उर्वशीच्या झुणक्याची तारीफ करते, अन् वरून मलेच टोमणा मारते, की मामीनं तुले इतकी वर्षं कसं सोसलं म्हणून. कॉलेजात जाते असं म्हणते. मी काही मागे जाऊन पाह्यलं नाही. बी.ए.चं पयलं वर्ष तिनं या एका वर्षाच्या फुटबॉलसाठी धरलं, हे तुलेही माहीत आहे अन् मलेही. आपलं ठरलं ते माझ्या ध्यानात आहे, ताई. जानेवारीत राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात तिची निवड झाली तर ती खेळत राहील. नाही झाली, तर बॅग भरून फुलसावंगी, अन् मंग नर्सिंग. पुढच्या वर्षी तिचं वयच निघून जाते. मी शब्द फिरवणार नाही.

पण खरं सांगू का, मले वीट आला. खेळाचा नाही. खेळाच्या भोवताल जे लोक खुर्च्या टाकून बसतात त्यांचा.

काल इथून जवळच्याच एका गावी मॅच होती. मंडप, कर्णे, पाव्हणे, सगळा लग्नाचा थाट. तुले माहीतच आहे, आपल्याकडे गोल झाला की माईकवर बक्षीस पुकारतात. अमुक किराणावाल्याकडून गोल मारणाऱ्या खेळाडूला, तमुक सरपंचाच्या साळ्याकडून गोल मारणाऱ्या खेळाडूला. हे एकदा सुरू झालं की मंग कोण कोणाले पास देते? सगळ्या जणी गुळावर माश्या बसाव्या तशा गोलसमोर. आपण दोन गोलांनी जिंकलो. दोन्ही अर्पितानं मारले. अन् दोन्ही वेळा खुशीनं तीन-तीन पोरींच्या मधातून बॉल असा काढून दिला, की अर्पिताले फक्त पाय लावाचा होता. त्या माईकवाल्यानं शेवटी काय म्हणावं? की आठ नंबरच्या ताईंनीसुद्धा चांगली मेहनत घेतली. मेहनत! जसं काही तिनं तिथं वावरात निंदण केलं.

अर्पिता म्हणजे उत्तमसिंगजीची पोरगी. मी ज्या क्लबाच्या पोरींले शिकवतो, उत्तमसिंगजी त्याचे अध्यक्ष, कोळशाचे ट्रक चालतात त्यांचे. जर्सी देतात, बस देतात, अन् फ्लेक्स लावतात. यंदाच्या फ्लेक्सवर वर साहेब लोक, खाली दादा लोक, मधात ते स्वतः हात जोडून. माझ्या पोरी कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. शी! तिथून जाताना मी मान खाली घालून सायकल हाणतो.

अन् हे सगळं मले नवीन आहे असंही नाही. खाणीच्या टीममध्ये मी मधात खेळलो, टीम बंद होईपर्यंत. पुढं खेळणाऱ्या रोशनले जेवढे गोल मारता आले त्यातले किती माझ्या पायातून गेले हे फक्त रोशनले अन् मले माहीत आहे, अन् रोशन आता विसरला. तो खेळाच्या कोट्यातून मोठा साहेब झाला. मी वजनकाट्यावर ट्रक मोजतो. आजही बाजारात लोक माझी ओळख करून देतात ती रोशनचा दोस्त म्हणून. पेपरात आमचा जो फोटो आलता, त्यात माझं फक्त कोपर आहे. तू तो कापून ठेवला होता, अन् घरी येणाऱ्या प्रत्येकाले ते कोपर दाखवायची.

असो. खुशीच्या नशिबी कोपर नको, एवढंच म्हणणं आहे. बारा जानेवारीले वणीत फायनल आहे, तिथंच निवडवाले येणार आहेत. भाऊजींना जयभीम. लोभ असू दे, दुसऱ्या कोणाजवळ मागाची आपली सोय नाही.

तुझा,
प्रफुल्ल

•

फुलसावंगी,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. प्रफुल्लास,
ताईचे अनेक आशीर्वाद. उर्वशीस जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून जीव थंडा झाला, कारण शिव्या भरपूर आहेत, म्हणजे माझा भाऊ ठणठणीत आहे. लहानपणी वरणात केस निघाला तर तू ताट सारून उठायचा, अन् मंग भूक लागली की माझ्यावर चिडायचा. पन्नाशी जवळ आली तरी तुझं तेच. किळस येऊन उठून जाणं तुले परवडते बाप्पा. माझ्या अंगणवाडीत मागच्या हप्त्यात तुरीच्या डाळीचं पोतं आलं. तोंड सोडलं तर डाळ चालत होती, एवढे सोंडे. मले काय किळस आली नाही? ऊन दाखवलं, चाळली, निवडली, तीन वेळा धुतली अन् लेकरांले शिजवून घातली. मी ताट सारून उठले असते तर लेकरांनी काय खाल्लं असतं?

इथं मले काय ऐकावं लागते ते तू ऐकत नाहीस. आमचे उकंडाभाऊजी, यांचे चुलतभाऊ, दर बाजाराच्या दिवशी ओट्यावर येऊन बसतात, माझाच चहा पितात, अन् मलेच विचारतात की पोरीची हाफपँट कधी सुटणार. परवा म्हणाले की अशा पोरीले स्थळ येत नाही. बशी त्यांच्या हातातून घेतली अन् चहा मोरीत ओतला. यांनी मले डोळे वटारले, पण मंग आत येऊन हसले.

पण प्रफुल्ल, माझंही ऐक. बारा वर्षांची पोर मी तुझ्या घरी धाडली. तिची पाळी सुरू झाली तेव्हा ती माझ्याजवळ नव्हती, उर्वशीजवळ होती. एवढं मी सोडलं. त्याच्या बदल्यात मले एकच साधी गोष्ट समजत नाही. पेपरात नाव गोल मारणाऱ्याचं येते, बक्षीस त्याले, नोकरी त्याले, तूच म्हणतोस. मंग तू तिले गोल मारायले काहून शिकवत नाहीस? तुझ्या पायात होतं ते तिच्या पायात घातलं, ठीक. पण तुझं जे झालं तेही तिच्या कपाळी कायले लिहितोस? सगळ्या जगावर थुंकायचं अन् काट्यावर जाऊन बसायचं, हे तुझं तू कर. माझ्या पोरीले नाही शिकवायचं.

राग आला तर येऊ दे. मिरच्यांचं लोणचं बसवाल्याजवळ देत आहे, बरणी वापस पाठवजो. माझा लोभ आहेच, पण तो फुकटचा समजू नकोस.

तुझी,
ताई

•

वणी,
दि. २१ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

राग आला. दोन दिवस लोणच्याले हात नाही लावला. तिसऱ्या दिवशी लावला.

गोल काहून शिकवत नाही म्हणतेस. अव माय, पोरी माझ्याकडे येतात तेव्हा पयले सहा महिने मी त्यांले गोलपोस्ट दाखवतच नाही. चुन्यानं एक चौकोन मारतो, अन् त्याच्यात खेळवतो. शिकवाचं एकच. बॉल पायात येण्याच्या आधी मान वर, अन् जी मोकळी दिसेल तिले द्यायचा. मंग ती मैत्रीण असो, काल जिच्याशी झिंज्या ओढल्या ती असो, का अध्यक्षाची पोरगी असो. मोकळी आहे ना? बॉल तिचा. बस. खुशी आली तेव्हा आपल्याच पायांकडे पाहत खेळायची. आता तिची मान अशी फिरते की मी काठावर उभा राहून जे पाहतो, ते तिनं माझ्या आधी पाह्यलेलं असते. मी तिच्या वयात एवढा नव्हतो, ताई. हे मी तिले कधी सांगतलं नाही, तूही सांगू नको.

आमच्या मैदानावर कोळशाची धूळ एवढी, की हाफटाइमले पोरी थुंकतात ते काळं. त्या काळ्या थुंकीची मले कधी किळस नाही आली. किळस आली ती सोमवारी. उत्तमसिंगजी मैदानावर आले, तोंडात खर्रा. चुन्याच्या रेषेवरच पिचकारी टाकली, अन् मले सांगतलं की फायनलले सगळे बॉल अर्पिताकडे गेले पाह्यजेत. मी म्हटलं, ती मोकळी असेल तेव्हा जातील. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, तुम्ही कलाकार माणूस आहात कोच, पण बस कलेवर चालत नाही. अर्पिता तिथंच होती, बुटाची लेस बांधत. कानापर्यंत लाल झाली बिचारी. पोरगी वाईट नाही. पळायचा कंटाळा आहे, पण कुठं उभं राहावं हे तिले बरोबर कळते.

मंग परवा निवडवाले दोघं येऊन गेले. रेस्ट हाऊसवर अध्यक्षांचं मटण होतं. मलेही बोलावलं. त्यातल्या मोठ्यानं मले विचारलं, की तुमच्या त्या आठ नंबरचे यंदा गोल किती. मी म्हटलं दोन. मंग त्याले सांगायले गेलो, की साहेब ती मधात खेळते, ती खेळ घडवते, तिच्याविना बाकीच्या दहा जणी आंधळ्या आहेत. तो नळीतला गर चोखत होता. चोखून झाल्यावर म्हणाला, ते सगळं ठीक, पण मी तिच्या नावासमोर लिहू काय? अन् हसला. बाकीचेही हसले. मनगटापर्यंत रस्सा ओघळलेल्या हातानं त्या माणसानं माझ्या पोरीची सहा वर्षं बाजूले सारली, ताई, हाडकांच्या ताटात. मी न जेवता उठलो. घरी येऊन ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी ओकलो.

तू जिंकलीस. फायनलच्या दिवशी मी तिले सांगणार आहे, की आज मान वर करायची नाही. कोण मोकळी, कोण नाही, पाहायचं नाही. बॉल आला की सरळ गोलकडे जायचं अन् मारायचा. एका दिवसापुरतं. लिहिताना तोंड कडू झालं. पण त्याले नावासमोर काहीतरी लिहायचं आहे ना, मंग लिहू दे.

बरणी उर्वशीनं धुऊन ठेवली आहे. लोभ ठेव, नाहीतर निदान फोनवर रडू नको.

तुझा,
प्रफुल्ल

•

वणी,
दि. १३ जानेवारी २०२५

ती. ताईंना,
उर्वशीचा जयभीम. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा खुशी तुमच्याजवळ आलेली असेल. ती काही सांगणार नाही, तिचा मामा तर मुळीच नाही, म्हणून मी लिहीत आहे. मले फुटबॉल समजत नाही. पण इतकी वर्षं त्या जर्स्या धुतल्या, तर थोडंफार समजतेच.

कालची फायनल पाह्यली. सुरुवातीपासून खुशीचा खेळ काही खरा नव्हता. एरवी ती मैदानात हिंडते तर वाटते घरातच हिंडून राह्यली, कोणती वस्तू कुठं आहे हे हिले माहीत आहे. काल मात्र खाली मुंडी घालून पळत होती. बॉल आला की मार, कुठूनही मार. एक तर पार पाण्याच्या टाकीवर गेला. लोक हसले. बाकीच्या पोरी आधी तिले आवाज देत होत्या, मंग त्यांनी आवाज देणंच बंद केलं. एक गोल त्यांचा झाला, एक कसाबसा आपला.

संपता संपता खुशीले मधात बॉल भेटला. दोघींले चकवलं, अन् समोर फक्त गोलकीपर राह्यली. अख्खं मैदान उभं झालं. हे तर रेषेच्या आत घुसले अन् मार मार म्हणून असे ओरडून राह्यलते की मानेच्या शिरा फुगल्या. अन् ताई, तुमच्या पोरीनं मान वर केली. पाह्यलं. अन् बॉल हळूच बाजूले दिला. तिथं अर्पिता उभी होती. तिनं ढकलला. झाला गोल, जिंकलो.

मंग जे झालं ते सांगायले मले लाज वाटते. ढोल वाजले, माईकवर अर्पिताच्या नावानं बक्षिसांचा पाऊस. तिथंच मंडपात निवडवाल्यानं नाव जाहीर केलं, अर्पिताचं. खुशीचं नाही. अर्पिता खुशीले हात धरून स्टेजवर ओढत होती, तर तिच्या बापानं मधातच तिच्या गळ्यात हार घातला. अन् यांनी काय केलं? सगळ्या पोरींच्या देखत खुशीपुढं उभे राह्यले, अन् म्हणाले की माझी सहा वर्षं तू मातीत घातली, तू खेळाडू नाहीस, तू हमाल आहेस, दुसऱ्यांचे बोजे उचल. मंग म्हणाले बूट काढ, मी घेऊन दिले आहेत, वापस दे.

पोरगी तिथंच मातीत खाली बसली, लेस सोडल्या, बूट जोडून यांच्या पायाशी ठेवले. अन् क्वार्टरपर्यंत अनवाणी आली, त्या गिट्टीच्या रस्त्यानं. मी चप्पल काढून द्यायले धावले तर घेतली नाही. घरी आल्यावर तिच्या पायातले खडे मी सुईनं काढले. हे दाराशी आले, पाह्यलं, अन् बाहेर निघून गेले.

खोटं कायले लिहू, ताई? काल मले माझ्याच नवऱ्याची किळस आली. तुमचा भाऊ आहे, तुम्हाले वाईट वाटेल. वाटू द्या. लोभ असावा अन् तुमच्या शिव्याही असाव्या, पण त्या योग्य माणसाले.

तुमची,
उर्वशी

•

फुलसावंगी,
दि. १९ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,
आशीर्वाद लिहायले हात उठत नाही, तरी लिहिते. आशीर्वाद.

अनवाणी? भरल्या मैदानात? बाबा खाणीतून येऊन आपल्या दोघांच्या पायाले तेल लावायचे ते विसरला तू?

खुशी दिवसभर घरची कामं ओढते. मीही धुतल्या तांदळाची नाही. ती आली त्याच दिवशी, उर्वशीचं पत्र याच्या आधीच, नुसत्या ऐकीव बातमीवर मी तिले बोलले, की गोल समोर होता, गोलकीपर एकटी होती, एवढी कशी तू वेंधळी. तिनं फक्त माझ्याकडे पाह्यलं अन् आत जाऊन सोयाबीनचं पोतं शिवत बसली. आता वाटते, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

अन् इथं नवीनच घाण. उकंडाभाऊजी सांगत आले, की वणीवरून बातमी आहे, उत्तमसिंगनं पोरीले पैसे चारले म्हणून तिनं बॉल सोडला. पोरीच्या समोर बोलला तो माणूस. मी झाडू घेतला. यांनी पयल्यांदा मले अडवलं नाही.

बोली होती ती होती. निवड झाली नाही, जूनमध्ये नर्सिंग. पण तू आधी तिले दोन ओळी लिही. माफी माग म्हणत नाही, तुले येत नाही ते मले माहीत आहे. नुसतं कशी आहे विचार.

लोभ सध्या उंबऱ्याच्या बाहेर आहे. तू बोलावलंस तर आत येईल.

ताई

•

वणी,
दि. २७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
जयभीम.

कशी आहे ते उर्वशी रोज फोनवर विचारते अन् माझ्याशी न बोलता भिंतीले सांगते. मले कळते.

मी मैदानावर जात नाही. तिथं नवीन फ्लेक्स लागला आहे, अर्पिता हारात, बाजूले बाप. काट्यावर येणारे ड्रायव्हर मले मुबारक देतात. तुमच्या हातची पोरगी राज्याले गेली म्हणतात. मी पावती फाडतो.

तू लिहिलंस ते इथंही बोलतात. आधी मी हसण्यावारी नेलं. पण ताई, रात्रंदिवस तोच बॉल माझ्या डोळ्यासमोर येते. समोर गोल. मी गळा फाडून सांगून राह्यलो. सकाळी सांगतलं होतं, मधात सांगतलं होतं. अन् नेमकी अर्पिताच? दुसरी कोणी असती तर मी समजलो असतो. कोणालेही विकत घेता येते इथं, निवडवाले मटणात गेले, माईकवाला पानात गेला. मले आता कोणाचाच भरोसा राह्यला नाही. तू आई आहेस, एकदा नीट विचार तिले. उत्तमसिंगनं काही देऊ केलतं का? खरं असेल तर खरं सांगू दे. मी रागावणार नाही. मले फक्त एकदाचं समजलं पाह्यजे.

लोभाचं मी काही लिहीत नाही.

प्रफुल्ल

•

फुलसावंगी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामास,
खुशीचा जयभीम. मामीले गोड पापा. वि. वि.

आईनं तुझं पत्र माझ्यासमोर टाकलं अन् ती अंगणवाडीत निघून गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. मी पत्र खूपदा वाचलं. मले वाटलं होतं मी रडीन, पण मले किळस आली.

नाही मामा. कोणी काही देऊ केलं नाही. उत्तमसिंग अंकल माझ्याशी कधी बोललेच नाहीत, त्यांले माझं नावही माहीत नसेल. अर्पिता मले रोज मेसेज करते, की मी जात नाही, तू जा म्हणून. मी तिले सांगतलं की येडी आहेस का, तू मुकाट्यानं जा, अन् तिथं जरा पळत जा.

आता फायनलचं सांगते. तू मले टाकीच्या मागं घेऊन गेलता अन् म्हणालता, आज कोणाकडे पाहू नको. तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं तुले माहीत नाही. मी घाबरली. तू सांगतलं म्हणून मी केलं. पयल्यांदाच मी मैदानात असून मले कोणीच दिसत नव्हतं. नुसती माती अन् बॉल. पोरी माझं नाव घेऊन ओरडत होत्या, त्या मोकळ्या होत्या, मले ऐकू येत होतं, अन् मी बहिऱ्यासारखी पळत होती. मले स्वतःची इतकी घाण वाटली मामा, की हाफटाइमले मी पाणी प्यायली नाही. ते तू मले शिकवलेल्यातलं पयलं घाण होतं. अन् ते तू त्या मटण खाणाऱ्या माणसासाठी शिकवलं.

शेवटच्या बॉलले गोलकीपर पुढं आली होती. डावीकडून तिनं पूर्ण झाकलं होतं, उजवीकडे त्यांची एक पोरगी धावत येऊन राह्यलती. मी मारला असता तर तिच्या अंगावर गेला असता. उर्वशीमामीले ते समजणार नाही, आईले समजणार नाही, त्या हजार लोकांले समजणार नाही. पण तुले? तू तर माझ्या समोरच उभा होता. माझी मान आपोआप वर झाली, अन् अर्पिता मोकळी होती. ती अध्यक्षाची पोरगी आहे हे मले आठवलंच नाही. मोकळी होती, एवढंच दिसलं. तू ओरडत होता, पण तू पाहत नव्हता मामा. सहा वर्षांत पयल्यांदा तू पाह्यलं नाही.

तू हमाल म्हणाला, त्याचं मले काही नाही. बुटांचंही नाही. पण मी तो बॉल विकला असं तुले वाटलं. ते लोक तसे आहेत म्हणून तुले त्यांची किळस येते, अन् मंग तू माझ्याकडे पाह्यलं तर तुले तेच दिसलं. ते मले बोचलं.

मागच्या हप्त्यात आईनं अन् मी यवतमाळले जाऊन नर्सिंगची चौकशी केली. शब्द दिला आहे, मी जाईन. तिथं कॉलेजच्या मागं मैदान आहे, पोरी फुटबॉल खेळत होत्या. चांगल्या नाही खेळत. त्यांले एक कमी होती, त्यांनी आईजवळ उभी पाहून मलेच बोलावलं. मी अनवाणीच गेली, पाय आता बरे आहेत. आई कठड्यावर बसून होती. मामा, आईनं मले कधीच खेळताना पाह्यलं नव्हतं, हे तुले माहीत आहे का? मले तिथं आठवलं. येताना बसमध्ये तिनं तिकिटं काढली, पदराले बांधली. मंग विचारते, की तू एकही गोल मारला नाहीस, तरी त्या पोरी सारख्या तुझंच नाव घेऊन ओरडत होत्या, काहून? मी म्हटलं, मले दिसतात ना त्या. तर माझा हात घट्ट धरून बसली. उमरखेडपर्यंत सोडला नाही.

तर मी खेळणार आहे. आईनं हो म्हटलं. ड्युटी सांभाळून, पण खेळ म्हणाली. फक्त तुझ्याकडे नाही खेळणार. हे तुले दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच लिहिते. यवतमाळच्या त्या टीमले कोच नाही. त्या पोरी मले विचारत होत्या की कोणी ओळखीचा आहे का. मी नाही म्हणून सांगतलं.

मैदानावर जात जा. तिथं बाकीच्या पोरी आहेत, त्या तुझी वाट पाहतात. माझा तुझ्यावर लोभ आहे, तो कमी करून पाह्यला पण होत नाही. सध्या तो लांबूनच घे.

तुझी भाची,
खुशी